गोवा मुक्तीची कारवाई कायदेशीर होती का?

१९ डिसेंबर १९६१ या तारखेला आपण 'गोवा मुक्तिदिन' म्हणतो. लिस्बनच्या सरकारी भाषेत याच घटनेला पुढची बरीच वर्षं 'आक्रमण' म्हटलं जायचं. आणि आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये एका निकालात तिसराच शब्द वापरला, त्याच्याकडे नंतर येऊ. मी साहित्याची विद्यार्थिनी, कायद्याची नव्हे. पण एका घटनेला तीन नावं दिसली की नुसता शब्दार्थ पाहून भागत नाही. कोण बोलतंय आणि कुणासमोर बोलतंय हेही पाहावं लागतं.

हा विषय निवडण्याचं एक कारण घरचं आहे. गोव्यात शिरलेल्या सैन्याची जमवाजमव झाली ती बेळगावात. गोव्याच्या सत्याग्रहींचा राबता आमच्या शहरात त्याच्याही आधीपासून होता. शिवाय, ही जमीन कुणाची आणि ते कोणत्या कागदावरून ठरवायचं, हा प्रश्न बेळगावच्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. तो बाळकडूसोबतच मिळतो!

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. युद्धाचे कायदे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिला प्रकार म्हणजे युद्ध सुरू करायला परवानगी आहे की नाही याचा कायदा. दुसरा म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर कैद्यांशी, जखमींशी, सामान्य लोकांशी कसं वागायचं याचा कायदा. बेकायदेशीर सुरू झालेलं युद्धही नियमाने लढता येतं, आणि न्याय्य कारणासाठी सुरू झालेल्या युद्धातही अत्याचार होऊ शकतात. एकाच्या गुणांनी दुसऱ्याची पापं धुतली जात नाहीत.

पहिल्या प्रकारचा कायदा वयाने लहान आहे. त्याआधी होता तो नीतीचा विचार. संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात न्याय्य युद्धाच्या तीन अटी सांगितल्या: युद्ध पुकारणारा अधिकृत राज्यकर्ता हवा, कारण न्याय्य हवं आणि हेतू शुद्ध हवा. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात या अटी शिकवतात, पण सोळाव्या शतकातल्या फ्रान्सिस्को दे व्हितोरियाचं नाव कुणी घेत नाही, हे मला खटकतं. हा स्पॅनिश डॉमिनिकन धर्मगुरू सालामांकाला शिकवायचा. अमेरिकेतले मूळ रहिवासी हे त्यांच्या जमिनीचे खरे मालक आहेत, त्यांची भूमी 'शोधून काढली' म्हणून ती आपली होत नाही, आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म नाकारला हे युद्धाचं कारण होऊ शकत नाही, असं त्याने १५३९ च्या व्याख्यानांत मांडलं. (युद्धाची इतर कारणं मात्र त्याने शोधून ठेवली होती, त्यामुळे त्याला फार डोक्यावर घ्यायलाही नको.) आल्बुकर्कने गोवा घेतला तो १५१० मध्ये, २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरीनच्या सणादिवशी. म्हणजे त्या काळात सगळेच असं वागत होते, कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं, हे म्हणणं पूर्ण खरं नाही. निदान एकाने एका पिढीच्या आत शंका घेतली होती.

तरीही, जिंकलेला प्रदेश जिंकणाऱ्याचा, हे युरोपीय राज्यं विसाव्या शतकापर्यंत धरून चालली. १९२८ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग केला. त्यावर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भारताचीही सही आहे. करार थोर होता. अकरा वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. मग १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची सनद आली. तिच्या दुसऱ्या कलमाचा चौथा परिच्छेद सांगतो की, कोणत्याही राज्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध, किंवा संघाच्या उद्दिष्टांशी विसंगत अशा कोणत्याही प्रकारे, सदस्यांनी बळाचा वापर करू नये आणि तशी धमकीही देऊ नये. 'युद्ध' हा शब्द तिथे मुद्दाम टाळलेला आहे, कारण पूर्वी राष्ट्रं लढायची आणि वर हे युद्ध नव्हेच म्हणायची. अपवाद दोनच. सुरक्षा परिषदेने परवानगी दिली तर, जशी १९९० मध्ये कुवेतच्या सुटकेसाठी दिली. किंवा सशस्त्र हल्ला झाला तर कलम ५१ प्रमाणे स्वसंरक्षणासाठी.

या कलमाने काय केलं ते नीट पाहायला हवं. त्याने १९४५ मध्ये एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे कुणीही बळाने जमीन घ्यायची नाही. पण रेघेच्या पलीकडे, साडेचारशे वर्षांत, ज्यांनी बळानेच घेतली होती त्यांच्या हातात ती तशीच राहिली. चोरी बंद, पण आधीचा माल ज्याच्या घरात असेल त्याचाच! गोव्याचा प्रश्न नेमका या रेघेवर उभा होता.

आता एक वळण घेते, कारण ते मराठी वाचकांसाठी फार मोलाचं आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या गटांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. या दोन्ही जागा चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या. दमणहून तिकडे कुमक पाठवायची तर भारताच्या हद्दीतून जावं लागे, आणि भारताने वाट अडवली. पोर्तुगालला डिसेंबर १९५५ मध्ये राष्ट्रसंघाचं सदस्यत्व मिळालं आणि आठवडाभरातच त्याने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. आमचा त्या गावांवर सार्वभौम हक्क आहे, म्हणून तिथे जाण्याचाही आहे, असा त्याचा दावा. पुरावा म्हणून पुढे केला तो पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह आणि त्यानंतरच्या सनदा.

म्हणजे हेगमध्ये जगभरातले न्यायाधीश बसून पुणे दरबाराच्या कागदांचा कीस काढत होते. तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ त्यांच्यासमोर होते आणि प्रश्न होता एका शब्दाचा. पेशव्यांनी पोर्तुगीजांना गावं दिली म्हणजे काय दिलं? राज्य दिलं की उत्पन्न? ज्याने शाळेत मराठ्यांचा इतिहास मन लावून वाचलाय त्याला जहागीर आणि सरंजाम यांचा अर्थ माहीत असतो: वसूल खा, सेवा कर, मालक मात्र सरकार. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानेही हेच म्हटलं. दिला गेला तो वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे.

इथे आपण टाळ्या वाजवणार, एवढ्यात निकाल पुढे सरकतो. मराठ्यांनी दिलं नसलं तरी ब्रिटिशांनी या गावांवरचं पोर्तुगालचं सार्वभौमत्व व्यवहारात मान्य केलं आणि नंतर भारतानेही ते न बोलता मान्य केलं, असं न्यायालयाचं मत पडलं. त्यामुळे सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाऊ देण्याचा पोर्तुगालचा हक्क ठरला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांना मात्र नाही. आणि १९५४ च्या तणावात भारताने वाट अडवली त्यात काही चूक नव्हती. थोडक्यात, वाट अडवण्यात भारत जिंकला. पण 'पोर्तुगालचा ताबा मुळातच बेकायदा होता' हे म्हणायचं तर हा निकाल आडवा येत होता.

तो निकाल हातात असतानाच १९६१ उजाडलं. तोवर सगळे सनदशीर मार्ग करून झाले होते. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने वाटाघाटींची लेखी मागणी केली होती. पोर्तुगालने बोलायलाच नकार दिला आणि १९५१ मध्ये राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलं. गोवा ही वसाहत नाही, तो पोर्तुगालच आहे, मग वाटाघाटी कसल्या! भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मेली. मग नाकेबंदी. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने दोन ठराव केले. एकात वसाहतवाद लवकरात लवकर आणि बिनशर्त संपवावा असं म्हटलं. दुसऱ्यात गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश हे स्वशासन नसलेले प्रदेश आहेत असं नाव घेऊन सांगितलं. 'सागरापारचा प्रांत' ही पळवाट तिथे बुजली. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला, आणि १७ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर सैन्य आत गेलं. सालाझारचा हुकूम शेवटपर्यंत लढा असा होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही आणि १९ तारखेच्या संध्याकाळी शरणागती पत्करली. हुकूम पाळला असता तर गोव्यात किती घरं आणि चर्च उरली असती कोण जाणे. पुढे त्यांच्या सरकारने त्यांना सैन्यातून काढून टाकलं.

१८ डिसेंबरला, तिकडे सैन्य पुढे सरकत असतानाच, न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. भारताची बाजू सी. एस. झा मांडत होते. त्यांच्या मांडणीत तीन धागे होते. एक, गोवा आणि भारत यांच्यात कायदेशीर सरहद्दच नाही. १५१० ची लूट म्हणजे मालकी नव्हे. गोव्याचे लोक भारतीयच आहेत आणि आपल्याच लोकांवर कुणी आक्रमण करत नाही. दोन, सनद बळाचा वापर पूर्ण वर्ज्य करत नाही, स्वसंरक्षणासाठी तो चालतो. तीन, हा वसाहतवादाचा शेवटचा अवशेष आहे आणि तो काढणं ही आमची श्रद्धा आहे, सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो.

शेवटचं वाक्य वकिलाचं नाही. वकील असं बोलत नसतो. मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं, पण त्याच क्षणी ते कायद्याच्या खोलीतून बाहेर पडतं.

उरलेल्या दोन धाग्यांपैकी स्वसंरक्षणाचा फारच कच्चा आहे. बेटावरून बोटींवर झालेला गोळीबार गंभीर होता, पण संपूर्ण प्रदेश घेण्याइतका तो हल्ला होता असं कुणाला पटवणार? सरहद्दीचा धागा जास्त चांगला आहे, पण हेगच्या निकालाने आणि भारताच्या स्वतःच्या वागण्याने तो झिजलेला होता. ज्याच्याशी आपण हस्तांतराच्या वाटाघाटी मागतो, ज्याच्या राजधानीत वकिलात उघडतो, त्याचा काही हक्कच नाही असं नंतर म्हणणं जड जातं. भारताची खरी ताकद वसाहतवादाच्या मुद्द्यातच होती. तो मुद्दा कायद्याच्या भाषेत असा मांडता येतो: सनद बंदी घालते ती संघाच्या उद्दिष्टांशी विसंगत बळावर, लोकांचा स्वयंनिर्णय हे संघाचं उद्दिष्ट आहे, मग तो अडवून बसलेल्या सत्तेला हुसकणं विसंगत कसं? युक्तिवाद सुंदर आहे. पण १९६० च्या ठरावात वसाहतवाद संपवा असं लिहिलंय, शेजाऱ्याच्या सैन्याने येऊन संपवावा असं कुठेही नाही.

समोरून अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हनसन बोलले. त्यांचा रोख असा की, इथे वसाहतवाद बरा की वाईट हा प्रश्नच नाही. आज बळ चालवून घेतलं तर राष्ट्रसंघाची गत जुन्या लीग ऑफ नेशन्ससारखी होईल. तर्क बिनतोड. मात्र त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये क्युबात 'बे ऑफ पिग्ज' घडलं होतं, त्यामुळे हे प्रवचन अमेरिकेच्या तोंडून ऐकणं अवघड होतं.

मतदान झालं. पोर्तुगालची तक्रार फेटाळावी हा सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा ठराव चार विरुद्ध सात असा पडला. लढाई थांबवावी आणि भारताने सैन्य मागे घ्यावं या पाश्चात्त्य देशांच्या ठरावाला सात विरुद्ध चार मतं पडली. तो मंजूर झाला असता, पण विरोधातल्या चारांत सोव्हिएत युनियन होतं आणि त्याला नकाराधिकार होता. गंमत अशी की दोन्ही वेळा त्याच सात देशांनी भारताविरुद्ध मत दिलं, आणि बाजूचे तेच चार. म्हणजे परिषदेने भारताला दोषीही ठरवलं नाही आणि निर्दोषही म्हटलं नाही. काही जण म्हणतात, नकाराधिकाराने कारवाई कायदेशीर झाली. ते चूक आहे. शिक्षा रोखली गेली की गुन्हा नव्हता असं होत नाही. तसंच, बहुमत होतं म्हणून गुन्हा ठरला असंही होत नाही. मत देणाऱ्यांत पोर्तुगालचे मित्र किती होते ते पाहिलंच.

मग माझं मत काय? १९६१ चा कायदा जसा लिहिलेला होता तसा वाचला तर कारवाई त्यात बसत नाही, असं मला वाटतं. आणि पोर्तुगालचं गोव्यात बसून राहणंही तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हतं. एका बेकायदा गोष्टीला घालवायला कायद्याने दुसरं साधनच ठेवलेलं नव्हतं. चौदा वर्षं वाट पाहून झाली होती. हे सांगताना आपल्या काही मित्रांच्या कपाळाला आठ्या पडतील, म्हणून एक प्रसंग समोर ठेवते.

पूर्व तिमोर. तीही पोर्तुगालचीच वसाहत, एके काळी तिचा कारभार गोव्यातून चालायचा. लोक बहुतेक कॅथलिक. पोर्तुगालची सत्ता मोडकळीला आली तेव्हा ७ डिसेंबर १९७५ ला शेजारच्या इंडोनेशियाने सैन्य घुसवलं आणि पुढच्या वर्षी तो प्रदेश आपला प्रांत म्हणून जाहीर केला. भाषा ओळखीचीच होती: वसाहतवादाचा अंत, भावंडांची मायदेशी परतफेड. गोव्याबद्दल झा जे बोलले त्यातली कितीतरी वाक्यं तिथे जशीच्या तशी चालली असती. आणि तिथल्या लोकांनी पुढची चोवीस वर्षं काय सोसलं? बिशप कार्लोस बेलो आणि होझे रामोस-होर्ता यांना १९९६ चं शांततेचं नोबेल मिळालं ते त्या सोसण्याला जगापुढे आणल्याबद्दल. ऑगस्ट १९९९ मध्ये सार्वमत झालं तेव्हा सुमारे ७८ टक्क्यांनी इंडोनेशिया नाकारला.

फरक कशाने पडला? कायद्याच्या कलमाने नाही, लोकांनी. गोव्यात १९६३ च्या डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरून लोक एकमेकांशी कडाकडा भांडले, १९६७ च्या जनमत कौलात ३४ हजारांच्या फरकाने 'वेगळं राहू' म्हणाले (आपल्या मंडळात हा विषय काढला की अजून चहा थंड होतो), पण पोर्तुगाल परत आणा असं म्हणणारा कुणी उरला नव्हता. तरी हेही खरं की गोवेकरांना 'भारत हवा का' असं मतपेटीतून कधी विचारलं गेलं नाही. १९६७ चा प्रश्न तो नव्हता. आणि लोकांचं मन काय आहे हे सैन्य आत गेल्यावरच कळत असेल, तर प्रत्येक घुसणारा आधीच सांगणार की लोक आमच्याच बाजूचे आहेत. अर्जेंटिनाने १९८२ मध्ये फॉकलंड घेताना १८३३ चा अन्याय पुढे केला. सुरक्षा परिषदेने दहा विरुद्ध एक मताने माघार घ्यायला सांगितलं. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनबद्दल इतिहास उगाळला. स्टीव्हनसनची भीती उगाच नव्हती.

आता तो तिसरा शब्द. कारवाईनंतर गोव्याच्या रहिवाशांना भारतीय नागरिकत्व मिळालं आणि ज्यांना पोर्तुगीज राहायचं होतं त्यांना तसं लिहून द्यायची मुभा होती. मोन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो या गोव्याच्या धर्मगुरूंनी तसं लिहून दिलं. राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, त्यांनी ती वाढवून मागितली नाही, आणि विदेशी नागरिकांच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचा बचाव दुसऱ्या प्रकारच्या कायद्यावर उभा होता, म्हणजे युद्ध चालू असतानाच्या. त्यांचं म्हणणं: गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, जिनिव्हा कराराप्रमाणे अशा प्रदेशातल्या माणसाला त्याच्याच घरात परका ठरवता येत नाही, आणि भारताने तो करार १९६० मध्ये स्वतःच्या कायद्यात घेतलेला आहे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की लष्करी ताबा फार थोडा काळ होता, लढाई काही तासांत संपली आणि लगेच प्रदेश सामील करून घेतला गेला, म्हणून कराराचं संरक्षण उरलं नाही. सामिलीकरण! 'हा आमचाच भाग होता, सरहद्दच नव्हती' हे झा यांचं म्हणणं आपल्याच न्यायालयाला लागलं नाही. जुना इतिहास उकरायची गरज नाही असंच न्यायालयाने म्हटलं. मोंतेरो हरले. त्यांच्या पोर्तुगालप्रेमाशी माझं काही देणंघेणं नाही, पण एका पाद्रीने एकट्याने विचारलेल्या प्रश्नामुळे सरकारला आणि न्यायालयाला मुक्तीचं कायदेशीर नाव सांगावं लागलं, याचं मला अप्रूप वाटतं.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार झाला. सह्या केल्या पोर्तुगालच्या बाजूने मारियो सोआरेस यांनी आणि भारताच्या बाजूने तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं, आणि तेही मागच्या तारखेपासून: भारतीय राज्यघटनेप्रमाणे ते प्रदेश ज्या दिवशी भारताचा भाग झाले त्या दिवसापासून. गोव्यापुरता तो दिवस घटनेच्या बाराव्या दुरुस्तीत लिहिलेला आहे, २० डिसेंबर १९६१. त्याच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल करारात एक शब्दही नाही.